मानवत ते पारनेर : बातमीतला गुन्हा, गोष्टीतला गुन्हेगार

मानवतचा विषय निघाला की परभणी जिल्ह्यातली जुनी माणसे अजूनही आवाज खाली आणतात. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात या गावात दहा खून झाले. पाच लहान मुली, त्यातल्या एक सोडून बाकीच्या दहा वर्षांच्या आसपासच्या. पस्तिशीच्या आगेमागे असलेल्या चार स्त्रिया आणि एक वर्षाचे बाळ. मराठवाड्यात तेव्हा बहात्तरचा दुष्काळ होता. लोक खडी फोडायच्या कामावर जात होते, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरी खात होते. त्या दिवसांत रानात एकेक मुलगी मरून पडलेली सापडत होती आणि गावात कुणीही सूर्य मावळल्यावर उंबरा ओलांडत नव्हते.

स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा तपास मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे गेला. रामन राघवच्या तपासामुळे त्यांचे नाव आधीच गाजले होते. तपासातून जी गोष्ट पुढे आली ती अशी : गावातला एक पैसेवाला, वजनदार माणूस, त्याने ठेवलेली बाई, पिंपळावरचा मुंजाबा, अपत्याची इच्छा, वाड्यातले गुप्तधन आणि त्यासाठी नरबळी. अठरा आरोपी. त्यातले दोघे माफीचे साक्षीदार झाले. खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला, उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला.

आता वाचकांना वाटेल, ही जुनी गोष्ट आज कशाला? आपल्याकडे अलीकडे एक चर्चा वारंवार होते. वर्तमानपत्रात गुन्हेविषयक बातमीदारी केलेली माणसे निवृत्तीनंतर किंवा नोकरी सोडून कादंबऱ्या लिहू लागली आहेत, वेब मालिकांना कथा पुरवू लागली आहेत. पोलीस ठाणे पाहिलेले, शवागाराबाहेर ताटकळलेले, कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारी काढलेले लोक गुन्ह्याची गोष्ट अधिक खरी लिहितात, असे मानले जाते. ते बरेचसे बरोबर आहे. पण बातमीदार आपल्या झोळीतून गोष्टीत नेमके काय काय नेतो, हे फारसे कुणी तपासत नाही. ते तपासायचे तर मराठीत मानवतइतके चांगले उदाहरण नाही, कारण मानवतची गोष्ट एका पोलीस अधिकाऱ्यानेही सांगितली आणि एका जुन्या पत्रकारानेही.

अधिकाऱ्याची गोष्ट आज जास्त लोकांना माहीत आहे. कुलकर्णी यांनी ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या नावाने आठवणी लिहिल्या. त्यावर आधारलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिववर आली. आशिष बेंडे यांचे दिग्दर्शन, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मालिकेचा नायक साहजिकच तपास अधिकारी आहे. तो मुंबईहून येतो, अंधार पाहतो, उजेड पाडतो.

पत्रकाराची गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे. १९८१ मध्ये अमोल पालेकर यांनी ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट केला, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच. पटकथा विजय तेंडुलकरांची. मुकुटराव पालेकरांनी केला, रुही चित्रा पालेकर यांनी. नावे बदलली होती, पण चित्रपट मानवतवर आहे हे तेव्हा कुणालाच सांगावे लागले नाही.

तेंडुलकरांना आपण नाटककार म्हणून ओळखतो. त्यांचे पोट मात्र अनेक वर्षे वर्तमानपत्रांवर चालले. ‘नवभारत’, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’, ‘लोकसत्ता’. संपादकीय टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हाताखालून रोज काय जाते? चार ओळींची बातमी. अमुक गावी विहिरीत प्रेत, तमुक वस्तीत सुनेला जाळले, आरोपीस अटक, अधिक तपास फौजदार अमुक करीत आहेत. एवढेच. त्या चार ओळी कापून, शीर्षक देऊन, कॉलममध्ये बसवून माणूस घरी जातो. बहुतेकांच्या डोक्यातून ती बातमी दुसऱ्या दिवशी गेलेली असते. तेंडुलकरांच्या डोक्यातून गेली नाही. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप मिळाली तेव्हा त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो समाजातल्या हिंसेचाच. त्यानंतरच्या ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ या पटकथा पाहा. प्रत्येकात गुन्हा आहे, पण ‘खुनी कोण’ हे कोडे एकातही नाही. प्रश्न असतो तो गुन्हा होताना गाव काय करत होते याचा. ‘आक्रोश’मधला आदिवासी आरोपी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प असतो. बातमीत आरोपीला बोलायला जागाच नसते, हे रोज पाहिलेल्या माणसालाच ते गप्प राहणे सुचावे.

‘आक्रीत’ आला त्याच वर्षी तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिले. त्याला निमित्त होते ‘इंडियन एक्स्प्रेस’चे बातमीदार अश्विनी सरीन यांच्या त्या गाजलेल्या बातमीचे. बायका विकल्या जातात हे सिद्ध करण्यासाठी सरीन यांनी स्वतः एक बाई विकत घेतली आणि ते छापले. देशभर खळबळ उडाली. तेंडुलकरांनी नाटकात त्या विक्रीच्या बाजाराकडे फारसे पाहिलेच नाही. त्यांनी पाहिले त्या बातमीदाराकडे. जयसिंग जाधव नावाचा पत्रकार विकत आणलेल्या बाईला पत्रकार परिषदेत उभी करतो आणि त्याची स्वतःची बायको हळूहळू ओळखते की या घरात आपण काही वेगळ्या नाही. गुन्ह्याची बातमी करणारा स्वतः गुन्ह्यात किती भागीदार, हा प्रश्न मराठीत इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. पत्रकारितेतला माणूस गुन्ह्यावर लिहितो तेव्हा त्याने आधी आपल्याच धंद्याचा पंचनामा करावा, अशी अपेक्षा असेल तर ती ‘कमला’ने पुरी केली. ‘आक्रीत’ने ती पुरी केली का, याबद्दल मला शंका आहे. ती शंका मांडण्याआधी निकालाकडे जावे लागेल.

सत्र न्यायालयाने ज्या दोघांना सूत्रधार मानले, ज्यांच्या नावाने ही गोष्ट आजही सांगितली जाते, ते दोघे शेवटी निर्दोष सुटले. प्रत्यक्ष खुनांबद्दल दोषी ठरलेल्यांपैकी काहींची शिक्षा कायम राहिली. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आजही वाचतात. त्यात मुख्य मुद्दा माफीच्या साक्षीदाराचा आहे. स्वतः गुन्ह्यात सामील असलेला माणूस जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेतो, त्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवायची? कायद्याचे अक्षर असे की केवळ सहगुन्हेगाराच्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. पण अनुभवाने शिकवलेला सावधपणा असा की त्याच्या साक्षीला बाहेरून आधार मिळाल्याशिवाय, आणि तोही प्रत्येक आरोपीपुरता वेगळा मिळाल्याशिवाय, ती मानू नये. कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्यांनी कायद्याने घालून दिलेली काळजी घेतली की नाही, याचीही त्या निकालात बारकाईने छाननी झाली. शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकले पाहिजे, हा मुद्दाही याच निकालामुळे वारंवार उद्धृत होतो.

त्या दोघांची नावे मी या लेखात लिहिलेली नाहीत. परभणीतल्या कुणालाही ती माहीत आहेत, इंटरनेटवर क्षणात सापडतील, मालिकेतही आहेत. तरीही लिहिली नाहीत, कारण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेल्या खटल्यात ज्यांच्यावरचा आरोप टिकला नाही त्यांना मी माझ्या लेखणीने पुन्हा पिंजऱ्यात उभे करणार नाही. ते खरोखर निर्दोष होते असा माझा दावा नाही. तो दावा करायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि उलटा दावा करायलाही नाही.

‘आक्रीत’ आला तेव्हा हा निकाल लागून चार वर्षे झाली होती. तेंडुलकर बातमी लिहीत असते तर त्यांना ‘निर्दोष मुक्तता’ हे दोन शब्द लिहावेच लागले असते. पटकथेत ते बंधन नव्हते. पडद्यावर मुकुटराव आणि रुही हेच या सगळ्याच्या मुळाशी आहेत. बदललेली नावे कायद्याच्या दृष्टीने पुरेशी असतील, पण गाव, पिंपळ, मुली, ठेवलेली बाई, सगळे ओळखीचे असताना प्रेक्षक कुणाला पाहतो? कोर्टाला जे सिद्ध झालेले दिसले नाही ते प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिले. कलावंताला हा अधिकार नाही असे मी म्हणत नाही. चित्रपटाची ताकदही मी नाकारत नाही. गुन्हेगाराला शेवटपर्यंत लपवून ठेवायचा बाजारू मोह त्यात नाही, आणि लोभ आणि अंधश्रद्धा एकाच घरात कशा राहतात हे तो थंडपणे दाखवतो. माझे म्हणणे एवढेच की बातमीकडून गोष्टीकडे जाताना एक लहानसा शब्द वाटेत गळून पडतो. मराठीत तो ‘कथित’ आहे, किंवा ‘संशयित’, किंवा वाक्याच्या शेवटी येणारे ‘असा आरोप आहे’. पत्रकाराच्या झोळीतली ही सर्वांत कंटाळवाणी वस्तू. गोष्टीला ती नको असते. गोष्टीला क्रियापद पक्के हवे असते : त्याने मारले.

आणखी एक गोष्ट. त्या बाईच्या निमित्ताने पारधी समाजाचे नाव या प्रकरणाशी कायमचे जोडले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांच्या कपाळावर जन्मतः शिक्का मारला त्यांच्यापैकी हा एक. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला. कागदावरून. मराठवाड्यात आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे विचारायची गरज नाही. दोन आरोपींची सुटका होऊ शकते, समाजाच्या सुटकेचा निकाल कुठलेच न्यायालय देत नाही. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ लिहून गुन्ह्याची गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली, ज्याच्या पालावर गाडी येते त्याच्या बाजूने. ते पुस्तक १९८७ चे, म्हणजे ‘आक्रीत’नंतरचे. आधी आले असते तर तेंडुलकरांची रुही वेगळी झाली असती का, असे कधी कधी वाटते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण मुद्दा आपल्या भाषेचा आहे. गुन्ह्याच्या मराठी बातमीतले शब्द एकदा मोजून पाहा. फिर्याद, गुन्हा, कैद, जामीन, जप्ती, मुद्देमाल, हवालदार, फौजदार, शिपाई, वकील, फरार. सगळे फारसी-अरबीतून आलेले. परभणी तर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होती. इथल्या कचेऱ्यांत उर्दू चालत असे, जुन्या सातबारांवर आणि खरेदीखतांवर ती अजून दिसते. वाचनाचेही तसेच. मराठी घरांत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड होते, तर उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी. अलाहाबादहून १९५२ पासून निघू लागलेल्या ‘जासूसी दुनिया’चे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद, पुढे इम्रान. एकाच गल्लीत दोन लिप्यांत लोक रहस्यकथा वाचत होते. अर्नाळकर आणि इब्ने सफी दोघांचीही दुनिया कल्पनेतली. गुन्हेगार अचाट, शास्त्रज्ञ वेडे, टोळ्या परदेशी. या पुस्तकांत खोट्याचा एक मोठा गुण होता : ते खोटे आहे हे वाचकाला माहीत होते. कर्नल फरीदीने कुणाला पकडले म्हणून गल्लीतल्या कुणाच्या घरी पोलीस आले नाहीत.

बातमीदार लेखक आला तेव्हा हा करार बदलला. तो म्हणतो, मी पाहिले आहे. पण त्याने पाहिले कुठून?

गुन्हे वार्तांकन जवळून पाहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे. बीटवरच्या बातमीदाराचा दिवस ठाण्यातून सुरू होतो. कोणत्या पोलीस निरीक्षकाशी चहाचे संबंध आहेत यावर त्याची बातमी अवलंबून असते. घटनास्थळी तो पोचतो तेव्हा पट्टी बांधलेली असते. आरोपीला भेटता येत नाही, त्याचे घरचे बोलायच्या अवस्थेत नसतात, वकील अजून नेमलेला नसतो. उरतात पोलीस. म्हणून बातमीत ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ असे येते तेव्हा सूत्र बहुतेक वेळा गणवेशात असते. त्यात संध्याकाळी पानाला बातमी द्यायची घाई. मग ‘नराधमास अटक’. अटकेच्या दिवशी तो नराधम होतो आणि सात वर्षांनी सुटतो तेव्हा आतल्या पानावर एक कॉलम मिळाला तर मिळाला. मुस्लीम आरोपी असेल तर शब्द बदलतो, तो ‘मास्टरमाइंड’ होतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात आधी पकडलेले मुस्लीम आरोपी २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. त्यांच्या अटकेचे मथळे आणि सुटकेचे मथळे शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या घटना वाटतील.

हीच झोळी घेऊन लेखक कादंबरीकडे जातो. त्यात तपशील अस्सल असतात. ठाण्यातला कुबट वास, स्टेशन डायरीची भाषा, हवालदाराच्या शिव्या, कोर्टात तारखेला येणाऱ्या आयांचे चेहरे. पण नजर? नजर बहुतेक वेळा जिथून चहा मिळाला तिथलीच राहते.

एस. हुसैन झैदी यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यांनी गुन्हेविषयक बातमीदारी केली आणि २००२ मध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटांवर ‘ब्लॅक फ्रायडे’ हे पुस्तक लिहिले. ती कादंबरी नव्हे, तरी कादंबरीसारखी वाचली गेली. त्यात कट करणारे आहेत, तसेच तपासाच्या नावाखाली कोठडीत तुडवले गेलेले लोकही आहेत. पोलिसांनी केलेल्या बेइज्जतीनंतर आपले कुटुंब आणि स्वतःला संपवणाऱ्या एका रेस्टॉरंट मालकाची हकिकत त्यात आहे, आणि ती विसरता येत नाही. अनुराग कश्यपने त्यावर चित्रपट केला, तेव्हा खटल्यातल्या आरोपींनी न्यायालयात धाव घेतली की निकालाआधी हे दाखवले तर आमचे काय? न्यायालयाने ते म्हणणे गंभीरपणे घेतले. तयार चित्रपट अडकून पडला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये, विशेष न्यायालयाचे निकाल येऊ लागल्यावर, पडद्यावर आला. चित्रपट अडवू नये या मताचा मी आहे. पण ‘कथित’ या शब्दासाठी एक न्यायालय दोन वर्षे अडून बसले, हेही नोंदवण्यासारखे आहे.

त्याच झैदींनी २०१५ मध्ये ‘मुंबई अव्हेंजर्स’ ही कादंबरी लिहिली. २६/११ चा सूड घ्यायला निवृत्त लष्करी अधिकारी आणि त्याची माणसे देशोदेशी जातात आणि कट करणाऱ्यांना एकेक करून संपवतात. ‘फँटम’ हा चित्रपट त्यावरूनच आला. पानेपाने उलटवायला लावणारे पुस्तक आहे. पण ‘ब्लॅक फ्रायडे’मधला बातमीदार जिथे थांबून म्हणत होता की पोलिसांनी असे सांगितले आणि आरोपीने तसे, ती जागाच इथे उरलेली नाही. खटला नाही, उलटतपासणी नाही, चुकीचा माणूस पकडला जाण्याची शक्यता नाही. बातमीदाराकडून कादंबरीने तपशील घेतले आणि शंका मागे ठेवली. एका मुस्लीम पत्रकाराकडून हे घडले याचे मला जास्त वाईट वाटते, असे म्हणायचा मोह होतो, पण ते न्याय्य नाही. बाजार सगळ्यांसाठी सारखाच आहे.

आता परत परभणीला यावे लागते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही म्हण आपण हसत सांगतो. बाहेर नशीब फळले तर ठीक, नाहीतर आपले गाव आहेच. ख्वाजा युनूस हा परभणीचा मुलगा. वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. म्हणजे ज्याची ‘बनी’ होती असा. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. सुट्टीवर आलेल्या युनूसला त्याच महिन्यात त्या प्रकरणात पोटाखाली अटक झाली. जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी सांगितले की तपासासाठी त्याला औरंगाबादला नेत असताना नगर जिल्ह्यात पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि आरोपी पळून गेला.

फरार. अरबीतून मराठीत आलेला तो शब्द दुसऱ्या दिवशी बातम्यांत होता.

या बातमीकडे एक कथा म्हणून पाहा. पात्रे आहेत : धोकादायक अतिरेकी आणि जखमी पोलीस. स्थळ आहे : रात्रीचा घाट, अनोळखी तालुका. वाहन उलटते, बेड्या घातलेला माणूस अंधारात नाहीसा होतो. अर्नाळकरांच्या काळ्या पहाडालाही जमले असते की नाही कोण जाणे. रहस्यकथेचा कुठलाही सराईत वाचक पहिला प्रश्न विचारेल : बाकी सगळे जखमी झाले आणि हाच एक धावत सुटला? त्या वेळी बातमी देणाऱ्या फार थोड्या लोकांनी तो विचारला. परभणीत बसलेल्या त्याच्या आईने विचारला. माझा मुलगा कुठे आहे, एवढाच.

सोबत पकडलेल्या एका डॉक्टरने न्यायालयात सांगितले की ६ जानेवारीला कोठडीत युनूसला मारहाण होत होती आणि त्याला रक्ताची उलटी होताना आपण पाहिले. उच्च न्यायालयाने तपास राज्य सीआयडीकडे दिला. सीआयडीच्या तपासात अपघाताची हकिकत बनावट निघाली. युनूस कोठडीतच मरण पावला होता, असा निष्कर्ष निघाला. चौदा पोलिसांची नावे पुढे आली. सरकारने खटला चालवायला मंजुरी दिली ती चौघांवर. मृतदेह कधीच सापडला नाही, त्यामुळे दफनही नाही, जनाज्याची नमाजही नाही. घाटकोपर प्रकरणात ज्यांच्यावर खटला चालला ते सगळे जून २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसच्या आईला भरपाई देण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. पोलिसांवरचा खटला मात्र वीस वर्षांहून जास्त काळ रेंगाळत राहिला. त्या चौघांचीही नावे मी इथे घेत नाही. मानवतच्या आरोपींना जो नियम लावला तोच त्यांनाही.

मानवतवर पुस्तक आहे, चित्रपट आहे, मालिका आहे. नरबळीची दहशत इतकी खोल की २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला त्याच्या नावातच नरबळी हा शब्द सुरुवातीला आहे. मानवतच्या गोष्टीत पोलीस नायक आहे, म्हणून ती सांगायला सोपी. पारनेरच्या गोष्टीत लेखक पोलीस आहे. गोष्ट त्यांनीच रचली, बातमीदारांनी ती छापली. तिच्यावर मराठीत कादंबरी लिहायची तर लेखकाला आधी आपल्याच दैनिकाचे जानेवारी २००३ चे अंक काढून बसावे लागेल. ‘कमला’ लिहिणाऱ्याने जे केले ते करावे लागेल.

अर्जेंटिनात एका माणसाने हे केले होते. रोदोल्फो वाल्श १९५३ मध्ये रहस्यकथांचा संग्रह छापून बक्षीस मिळवलेला लेखक, बुद्धिबळाचा शौकीन. १९५६ मध्ये ला प्लाता शहरातल्या एका कॅफेत बुद्धिबळ खेळायला बसलेला असताना त्याच्या कानावर आले की गोळ्या घालून मारलेल्यांपैकी एक जण जिवंत आहे. काही महिन्यांपूर्वी लष्करी राजवटीने बंडाच्या रात्री काही साध्या नागरिकांना उकिरड्यावर नेऊन गोळ्या घातल्या होत्या. वाल्शने रहस्यकथा बाजूला ठेवली आणि जिवंत राहिलेल्यांचा माग काढला. त्या रात्रीचे तास आणि मिनिटे जुळवली, मार्शल लॉ कितीला पुकारला आणि माणसे कितीला पकडली हे रेडिओच्या नोंदींवरून दाखवले. अटक आधी, कायदा नंतर. गुप्तहेराचे सगळे कसब त्याने सरकारी हकिकतीविरुद्ध वापरले. ‘ऑपरेशन मॅसेकर’ हे पुस्तक १९५७ मध्ये आले. ट्रुमन कपोटीचे ‘इन कोल्ड ब्लड’, ज्याला लोक या प्रकाराचे पहिले पुस्तक समजतात, त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. मार्च १९७७ मध्ये नव्या लष्करी राजवटीला उघड पत्र लिहिल्यावर वाल्शला भर रस्त्यात गाठण्यात आले. त्याचाही मृतदेह मिळाला नाही.

वाल्शने वापरले ते साहित्य आपल्याकडेही आहे. अपघाताची फिर्याद आहे. जीपचा पंचनामा आहे. कोठडीतल्या साक्षीदारांचे जबाब, सीआयडीचे आरोपपत्र, उच्च न्यायालयाचे आदेश, आईचे अर्ज, हे सगळे नोंदलेले आहे आणि त्यातले बरेचसे मराठीतच आहे. मुंबईहून निघालेली गाडी किती वाजता कुठे होती, कोणत्या ठाण्यात किती वाजता नोंद झाली, डॉक्टरांनी जखमी पोलिसांच्या अंगावर काय पाहिले, हे एका वहीत ओळीने मांडायला कुणी तरी बसले पाहिजे. गुन्ह्याची बीट केलेला आणि आता वेळ असलेला माणूस असेल तर उत्तम. त्याला ठाण्यातली भाषा कळते, आणि त्या दिवशी मथळा कुणी दिला हेही त्याला ठाऊक असते.